सोळा फळ्या आणि एक जहाज

पारोळ्याच्या माणसाने जहाज बांधायला घ्यावं हे ऐकूनच आमच्या ऑफिसातला एक कोकणी मित्र खो खो हसला. त्याचंही बरोबर आहे म्हणा. आमच्याकडे समुद्र नाही. आहे तो १७२७ सालचा भुईकोट किल्ला आणि गावाशेजारून जाणारा धुळे-जळगाव रस्ता. लहानपणी मी बांधलेली सगळी जहाजं कागदाची होती आणि ती पावसाळ्यात गल्लीतल्या पाण्यावर दहा फुटांत बुडायची.

तर झालं असं की गेल्या पावसाळ्यात मी लाकडी जहाजाचा एक किट विकत घेतला. जुन्या काळची फ्रिगेट, तीन डोलकाठ्या, लांबी साधारण दोन फूट. आधी पठाण, म्हणजे जहाजाचा तळकणा. त्यावर उभे आडवे वांक, म्हणजे फासळ्या. इथवर सगळं लेगोसारखं जमलं. मग आल्या फळ्या, सहा मिलिमीटर रुंदीच्या पातळ पट्ट्या. त्या पाण्यात भिजवायच्या, वाकवायच्या आणि फासळ्यांवर एकीला एक लावून चिकटवायच्या. मी म्हटलं, त्यात काय! दोन शनिवार-रविवारचं काम.

चौथ्या रविवारी माझ्या जहाजाची नाळ, म्हणजे पुढचं टोक, उसवलेल्या टोपलीसारखी दिसत होती. पट्ट्या एकमेकींवर चढल्या होत्या. मी टाचण्या ठोकून त्यांना दाबलं तर दोन फाटल्या. बायको म्हणाली, "छान आहे, पण हे आहे काय?" :)

असो. हात थांबले की मी वाचायला लागतो, तसा वाचायला लागलो. आणि थेट मुंबईच्या गोदीत जाऊन पोहोचलो.

१७३६ मध्ये लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजं बांधायला मुंबईत आले. पुढे दीडशेच्या आसपास वर्षं त्यांच्याच घराण्यातले लोक गोदीचे मुख्य बांधकामकार होते. १८०५ च्या ट्रफाल्गरच्या लढाईनंतर इंग्लंडला जहाजं हवी होती आणि तिकडे ओकचं लाकूड कमी पडत होतं. इकडे मलबारचा साग होता. सागात तेल असतं, त्यामुळे तो लवकर कुजत नाही आणि त्यात ठोकलेला लोखंडी खिळाही टिकतो. ओकमधलं आम्ल मात्र खिळा खातं. १८१० मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांनी 'मिंडन' हे युद्धनौकांच्या मुख्य रांगेत लढणारं जहाज ब्रिटिश आरमाराला बांधून दिलं. १८१३ च्या 'कॉर्नवॉलिस'वर पुढे १८४२ मध्ये नानकिंगचा तह झाला.

आणि मग 'ट्रिंकोमाली'. हिची गोष्ट आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनी फ्रेम करून लावावी अशी आहे. तिचे आराखडे इंग्लंडहून 'जावा' नावाच्या जहाजातून निघाले. डिसेंबर १८१२ मध्ये अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ 'जावा'चा पराभव केला आणि आराखडे गेले! दुसरी प्रत पाठवावी लागली. बॅकअप घ्या रे, बॅकअप घ्या. शेवटी १८१६ मध्ये मुंबईत पठाण घातलं गेलं आणि ऑक्टोबर १८१७ मध्ये जहाज पाण्यात उतरलं. ते आजही तरंगतंय! इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आहे, तिथे २००१ पर्यंत वर्षानुवर्षं दुरुस्ती चालली होती. तरंगत असलेल्या ब्रिटिश युद्धनौकांत सगळ्यात जुनी नौका मुंबईच्या सुतारांच्या हातची आहे.

या सुतारांची फळ्या जोडायची खास रीत होती. एका फळीच्या कडेला खाच, दुसरीच्या कडेला तिच्यात बसणारी जीभ, आणि मध्ये कापूस व राळ. अठराव्या शतकातल्या इंग्रज प्रवाशांनी सुरतेकडच्या या सांध्यांचं कौतुक लिहून ठेवलंय. पण ते सांधे बसवणारे कोण? वाडियांची नावं मिळतात, आणि मिळायलाच हवीत. बाकीच्या शेकडो हातांची नावं शोधत मी रात्रीचे दोन वाजवले. एकही सापडलं नाही.

आमचं खानदेशही यातून सुटलेलं नाही बरं का. १८३० मध्ये खानदेशच्या भिल्ल पलटणीचा आउट्रम डांगावर चालून गेला. पुढे १८४२-४३ च्या सुमारास इंग्रजांनी तिथल्या भिल्ल राजांकडून जंगलं पट्ट्याने घेतली, ती सागासाठीच. त्या करारांवर राजांची नावं आहेत. झाडं तोडून ओढणाऱ्यांची नाहीत.

दिवाळीला ते अर्धवट जहाज बुटाच्या खोक्यात घालून पारोळ्याला नेलं. आमचे आप्पा सुतार. आयुष्यभर बैलगाड्या केल्या. ट्रॅक्टर आले तसं काम आटलं, मग दारं-खिडक्या, मग तेही नाही. आता हात थरथरतो. वाकस आणि रंधे माळ्यावर आहेत. मी कॉम्प्युटरकडे गेलो तेव्हा ते काही बोलले नव्हते, आणि मीही कधी विचारलं नाही.

त्यांनी जहाज उलटं धरलं, डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "तू लाकूडवर जोर करी रायना. त्याले जठे जानं शे, तठे जाऊ दे."

मग त्यांनी वर्तमानपत्राची एक पट्टी फाडली. मधल्या फासळीवर वरून पठाणापर्यंत लावून मोजली. ९६ मिलिमीटर. तीच पट्टी चार वेळा दुमडली, झाले सोळा सारखे भाग, म्हणजे सहा मिलिमीटरच्या सोळा फळ्या. मग पुढच्या टोकाजवळच्या फासळीवर दुसरी पट्टी. ६४ मिलिमीटर! तिलाही चार घड्या. प्रत्येक भाग चार मिलिमीटर.

माझ्या डोक्यात तेव्हा उजेड पडला. पोटाशी सोळा फळ्या मावतात, टोकाशीही सोळाच जायला हव्यात, पण जागा कमी. म्हणून प्रत्येक फळी पुढे निमुळती तासायची, सहाची चार. मी सगळ्या सहाच्याच ठेवल्या होत्या, त्या चढणार नाहीत तर काय करतील? (निम्म्याहून बारीक करावी लागली तर मात्र एक फळी अलीकडेच संपवायची. मागच्या बाजूला कधी उलटं होतं, तिथे फट पडते आणि पाचर घालावी लागते.)

"हे कुठे शिकलात?" मी विचारलं. आप्पांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी चालायला कुठे शिकलात असं विचारलं. चाकाचा घेर सारख्या पुठ्ठ्यांत वाटता आला नाही तर चाक फिरेल का? पन्नास वर्षं ते हेच करत होते. मी त्या दुकानात बसून गृहपाठ केलाय आणि हे मला माहीत नव्हतं.

चार दिवस आम्ही दोघं बसलो. जुन्या फळ्या पाण्याने भिजवून काढल्या. आप्पा पेन्सिलीने खूण करत, मी तासत असे. त्यांची रेघ वाकडी येई, पण खूण बरोबर जागी असे. त्यांनी माळ्यावरून लहान रंधा काढून दिला. घरात त्याची धार कुणी लावली ते मी विचारलं नाही. धार ताजी होती.

जमशेटजींबद्दल एक गोष्ट सांगतात. त्यांनी म्हणे एका जहाजाच्या आत, कुणाला दिसणार नाही अशा लाकडावर, हे एका काळ्या माणसाने बांधलंय असं कोरून ठेवलं होतं. खरं-खोटं देव जाणे. पण शेवटची फळी लावायच्या आधी मी पेन्सिल घेतली आणि आतल्या बाजूने पठाणावर आप्पांचं नाव, गाव आणि साल लिहिलं.

आप्पांनी वाचलं. म्हणाले, "आता कोन देखनार शे ते?"

मग फळी स्वतःच उचलून दिली. ती बसली. रंधा माझ्याबरोबर पुण्याला आलाय.