मनिलातला लष्करी कायदा आणि बातमीच्या आडवाटा

फिलिपिन्समध्ये लष्करी कायदा लागू करणाऱ्या १०८१ क्रमांकाच्या घोषणेवर २१ सप्टेंबर १९७२ ही तारीख आहे. लोकांना मात्र तो कळला २३ तारखेला, शनिवारी. त्या मध्यरात्रीनंतर विरोधी पक्षाचे सिनेटर बेनिग्नो अक्विनो यांना मनिलातल्या एका हॉटेलातून पकडून नेले आणि सैनिकांनी वृत्तपत्रांची कार्यालये, रेडिओ-टीव्हीची केंद्रे बंद पाडली. सकाळी मुलांनी टीव्ही लावला, तर कार्टून नाही, नुसती खरखर. संध्याकाळी अध्यक्ष फर्डिनांड मार्कोस पडद्यावर आले आणि त्यांनी साम्यवादी बंडाचे कारण पुढे केले. बंड होते, यात खोटे काही नाही. पण घटनेप्रमाणे अध्यक्षाला दोनच मुदती मिळत आणि मार्कोस यांची दुसरी मुदत १९७३ अखेर संपत होती, हे कारण अधिक वजनाचे.

लष्करी कायद्याचा पहिला अनुभव सामान्य माणसाला रस्त्यावर आला. मध्यरात्री बारा ते पहाटे चार संचारबंदी. या वेळात सापडलेल्यांना रात्रभर कोठडीत ठेवून सकाळी रस्त्याकडेचे गवत उपटायला लावत. तरुणांचे लांब केस कापले जात. संप आणि मोर्चे बंद. देशाच्या प्रगतीसाठी शिस्त हवी, ही घोषणा सतत कानी पडे, आणि सुरुवातीला अनेकांना ती पटलीही, हे मान्य करायला हवे. रस्त्यावरची गुंडगिरी कमी झाल्याचे मध्यमवर्ग समाधानाने सांगत असे. तुरुंगात काय चालले होते ते त्याला दिसत नव्हते, कारण सांगणारे कोणी उरले नव्हते. पुढे सुरू झाली ती वर्तमानपत्रे मार्कोस यांच्या गोतावळ्यातल्या मालकांची. इतिहासकारांच्या एका प्रसिद्ध हिशेबानुसार त्या राजवटीत सुमारे ७०,००० लोक तुरुंगात गेले, ३५,००० जणांचा छळ झाला आणि ३,२५७ मारले गेले.

म्हणूनच इथल्या प्रतिकाराचा इतिहास बराचसा बातमी पोचवण्याचा इतिहास आहे. १९७३ मध्ये सरकारधार्जिण्या ‘फोकस’ साप्ताहिकात प्रॉमिथियसवरची एक इंग्रजी कविता छापून आली. कवीचे नाव अनोळखी, विषय ग्रीक पुराणातला. संपादकांना वावगे काही दिसले नाही. ओळींची आद्याक्षरे वरून खाली वाचली, की मार्कोस हा हिटलर, हुकूमशहा आणि कुणाच्या तरी ताटाखालचे मांजर आहे असा मजकूर निघत होता. उलगडा झाल्यावर अंक दुकानांतून उचलले गेले. टोपणनावाआडचा कवी होता भूमिगत पत्रकार होसे लाकाबा. त्याला पुढे पकडण्यात आले तेव्हा त्याचे अनन्वित हाल केले गेले.

संपबंदीचा धाक ऑक्टोबर १९७५ मध्ये मोडला. तोंदो या गरीब वस्तीतल्या ला तोंदेन्या मद्यकारखान्यातल्या कामगारांनी काम थांबवले. त्यांच्यातले कितीतरी वर्षानुवर्षे राबूनही हंगामीच होते. कारखान्याच्या फाटकाशी नन आणि पाद्री त्यांच्या बाजूने उभे राहिले. संप दोन दिवसांत चिरडला गेला, पण त्यानंतर ठिकठिकाणी संप होऊ लागले.

६ एप्रिल १९७८ ची रात्र मनिलाकर विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी हंगामी संसदेची निवडणूक होती. अक्विनो तुरुंगातून उमेदवार होते आणि प्रचाराची साधने सरकारच्या हाती होती. ठरल्या वेळी घराघरांतून पातेली, डबे, झाकणे बडवली जाऊ लागली, गाड्यांचे भोंगे वाजू लागले, चर्चच्या घंटा घणघणल्या. आवाज कुणी केला हे पोलिसांना ठरवता येईना, कारण तो सगळ्यांनीच केला होता. निकालात मनिलाच्या २१ पैकी २१ जागा सरकारी पक्षाने घेतल्या. त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते.

राजधानीबाहेर लढा वेगळा होता. उत्तरेच्या डोंगरात कलिंगा लोक चिको नदीवरच्या धरणांविरुद्ध उभे राहिले. त्यांचे पुढारी माक्लिइंग दुलाग यांना २४ एप्रिल १९८० रोजी सैनिकांनी गोळ्या घातल्या. पण धरणे बांधली गेली नाहीत.

१७ जानेवारी १९८१ रोजी लष्करी कायदा उठला, तो कागदावर. वटहुकूम काढण्याचा अधिकार मार्कोस यांच्याकडेच राहिला. डिसेंबर १९८२ मध्ये ‘वी फोरम’ या छोट्या वृत्तपत्राला टाळे लागले आणि संपादक होसे बुर्गोस यांना अटक झाली. त्यांनी मार्कोस यांच्या दुसऱ्या महायुद्धातल्या पदकांचा खोटेपणा छापला होता.

२१ ऑगस्ट १९८३ रोजी अमेरिकेतून परतलेल्या अक्विनो यांना मनिला विमानतळावर, विमानातून उतरताच गोळी घालून मारण्यात आले. अंत्ययात्रेला लाखो माणसे लोटली. ती अकरा तास चालली. बड्या वर्तमानपत्रांनी ती जवळपास गिळून टाकली. त्यातल्या एकाला महत्त्वाचे वाटले ते वीज पडून एक प्रेक्षक दगावल्याचे. यात्रेचे थेट वर्णन ऐकवले चर्चच्या रेडिओ व्हेरितासने. परदेशी मासिकांतल्या लेखांच्या झेरॉक्स प्रती हातोहात फिरू लागल्या. माकाती या व्यापारी भागात कचेऱ्यांच्या खिडक्यांतून, टेलिफोन डिरेक्टरीची पिवळी पाने फाडून केलेला कागदाचा चुरा मोर्च्यांवर बरसू लागला. कारकून आणि व्यवस्थापक रस्त्यावर उतरले, ही नवी गोष्ट होती.

७ फेब्रुवारी १९८६ च्या निवडणुकीत बेनिग्नो यांच्या पत्नी कोराझॉन अक्विनो मार्कोस यांच्यासमोर उभ्या होत्या. ९ तारखेला मतमोजणीच्या संगणकांवरले तीसेक कर्मचारी उठून बाहेर पडले. पडद्यावरचे आकडे आणि जाहीर होणारे आकडे जुळत नव्हते. २२ तारखेला संरक्षणमंत्री एनरिले आणि जनरल रामोस फुटले. कार्डिनल सिन यांनी व्हेरितासवरून लोकांना त्यांच्या बचावासाठी बोलावले, तशी एडसा या हमरस्त्यावर माणसांची भिंत उभी राहिली आणि रणगाडे अडले. सरकारी सैनिकांनी व्हेरितासचा प्रक्षेपक मोडला, तेव्हा निवेदिका जून कीथली दुसऱ्या केंद्रात शिरून बोलत राहिल्या. २५ तारखेला मार्कोस यांनी राजवाड्यात शपथ घेतली, पण प्रक्षेपण मधेच तुटले. त्याच रात्री ते हवाईच्या वाटेला लागले.

पीडितांना भरपाई देण्याचा कायदा २०१३ मध्ये झाला. सुमारे ७५,००० अर्ज आले; ११,१०३ जणांना मान्यता मिळाली. पैसा आला तो मार्कोस यांच्या स्विस खात्यांतून परत मिळालेल्या रकमेतून.