वसईचा किल्ला आणि आमचीं मुलें

सनावळ्या पाठ करून परीक्षा होते, इतिहास कळत नाहीं. म्हणून धर्मग्रामांतील बालकांस भारताच्या इतिहासाची पहिली ओळख करून देतांना आम्ही पुस्तक मिटून त्यांस वसईच्या किल्ल्यांत नेतों.

आरंभ समुद्राकडील दरवाजापासून करावा. हुमायून बादशहाच्या धाकानें गुजरातचा सुलतान बहादूरशहा यानें १५३४ सालीं वसई पोर्तुगीजांच्या हवालीं केली, व पुढें दोनशें वर्षें त्यांच्या उत्तरेकडील मुलखाचें हेंच मुख्य ठाणें होतें. एवढें सांगितलें म्हणजे मोगल, गुजरात आणि दूरचें लिस्बन शहर हीं तिन्ही एका दरवाजांत येऊन उभीं राहतात! वसईंत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ सालीं जपानांत नागासाकी येथें क्रूसावर हुतात्मे झाले, ही कथा मुलांस घरींच ठाऊक असते. तेथें आम्ही फार थांबत नाहीं.

खरी अडचण १७३९ सालापाशीं येते. शाळेंत चिमाजी आप्पांच्या विजयाचा धडा शिकलेला मुलगा पडक्या ख्रिस्तमंदिराकडे पाहून विचारतो, “फादर, तेव्हां आपण कोणत्या बाजूला होतों?” कित्येक वडीलधारीं माणसें हा प्रश्न टाळतात. आमच्या मतें तो टाळूं नये. फिरंगी अंमलांत हिंदूंचीं देवळें पाडलीं गेलीं, १५६० सालीं गोव्यांत स्थापन झालेल्या इन्क्विझिशनचा हात वसईपर्यंत पोहोंचत असे, आणि रयतेचें गाऱ्हाणें हें मराठ्यांच्या मोहिमेचें एक कारण होतें, हें ख्रिस्ती मुलांस आपल्याच धर्मगुरूच्या तोंडून कळावें. मात्र केवळ धर्मासाठीं ती लढाई झाली असेंहि सांगूं नये. किनारा व त्याचा महसूल यांचेंहि मोल पेशव्यांस पुरतें कळत होतें.

वेढा फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. तटाखालीं सुरुंग लावून बुरूज फोडले गेले. मराठ्यांची माणसेंहि फार पडलीं. इतकें रक्त सांडल्यावर सूड घेणें सोपें होतें. तरी चिमाजी आप्पांनीं शिबंदीस सन्मानानें बाहेर पडूं दिलें, व ख्रिस्ती रयतेच्या धर्मपालनाचीं कलमें तहांत घातलीं. फिरंगी अंमलदार गलबतांत बसून गेले. आमचे भात पिकविणारे, मराठी बोलणारे पूर्वज आपल्या शेतांतच राहिले. त्या मुलाच्या प्रश्नास आम्ही हेंच उत्तर देतों.

मग कोणी तरी रिकाम्या मनोऱ्याकडे बोट दाखवून घंटेविषयीं विचारतोच. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळांत या विजयाची खूण म्हणून फिरंगी घंटा टांगलेली आहे. ती ऐकावयास मुलांस अवश्य न्यावें.

याच वसईंत ३१ डिसेंबर १८०२ रोजीं दुसऱ्या बाजीरावानें इंग्रजांशीं तह करून आपलें स्वातंत्र्य गहाण टाकलें. तें थोडक्यांत सांगितलें तरी चालेल, कारण तोंवर मुलें थकलेलीं असतात. किल्ला पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखालीं आहे; तेव्हां भिंतींवर नांवें कोरूं देऊं नयेत, पडक्या जिन्यांवर चढूं देऊं नये, आणि पाणी पुरेसें बरोबर न्यावें.