सातवी सायकल

सुरतेहून रात्रीची गाडी धरायची आहे, पण आधी खिसे रिकामे करा. मोबाईल, एनर्जी जेलची पाकिटं, मनगटावर ठोके मोजणारं घड्याळ, सगळं घरीच ठेवा. तुमची कार्बन फ्रेमची सायकलही. तिचा टायर फुटला तर या काळात त्या मापाची ट्यूब अख्ख्या मुलखात मिळायची नाही.

सन १९२३, ऑक्टोबर महिना. नवरात्र चालू आहे आणि चार दिवसांची चंद्रकोर केव्हाच मावळली आहे. कोणत्या तरी शेरीतून गरब्याच्या टाळ्या फलाटापर्यंत पोचतात. हिरे आणि पॉलिएस्टर यांची सुरत अजून जन्माला यायची आहे. हे शहर जरीचं आहे. लिंबायत, उधना, डिंडोली इथं ज्यांच्या अहिराणीनं आज गल्ल्या भरलेल्या असतात ते लोक अजून खानदेशातच आहेत. त्यांना इकडं आणणारी ताप्ती व्हॅली रेल्वे मात्र वीसेक वर्षांपासून धावते आहे. फलाटावर मराठी जरा जपूनच बोला. १९०७ सालचं काँग्रेसचं अधिवेशन सुरतकर विसरलेले नाहीत. तेव्हा मंडपात व्यासपीठावर भिरकावला गेलेला जोडा मराठी घडणीचा होता, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

गाडी सुटते. मिंढोळा, पूर्णा, अंबिका, औरंगा, पार, दमणगंगा. अंधारात नदी दिसत नाही, पुलावर चाकांचा आवाज बदलतो तेवढाच. रविवारी पहाटे तुमचा ग्रुप ज्या सहापदरी रस्त्यावरून वापीपर्यंत जाऊन चहा पिऊन परततो, तो रस्ता या काळोखात कुठंही नाही.

सकाळी कुलाब्याला उतरा. मुंबई सेंट्रल बांधून व्हायला अजून सात वर्षं आहेत. आज सोमवार, १५ ऑक्टोबर. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबची सहा पोरं आज सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणेला निघताहेत आणि तुम्ही त्यांच्यामागं सातवी सायकल लावणार आहात. आदी हकीम, जाल बापासोला, रुस्तम भूमगरा, गुस्ताद हाथीराम, केकी पोचखानवाला, नरिमन कपाडिया. सगळे पारशी, सगळे विशीतले. क्लबचं नाव त्यांच्या दंडांवर वाचता येतं. वजनं उचलणारी शरीरं लांबच्या सायकलिंगला फारशी सोयीची नसतात, पण हे त्यांना आज सांगून उपयोग नाही. कोणी ऐकणार नाही.

हे खूळ आलं कुठून? १९२० साली ओव्हल मैदानावर एका फ्रेंच माणसाचं भाषण झालं होतं. तो युरोपातून हिंदुस्थानापर्यंत चालत आला होता. आपल्याकडं चालत जाण्याचं नवल ते काय? पंढरपूरला दरवर्षी लाखभर माणसं जातात. पण तिथं वाट माहीत असते, मुक्काम माहीत असतो, गावोगाव भाकरी मिळते. या पोरांना त्यातलं काहीच नको आहे.

एका घराच्या उंबऱ्यावर चुन्याचा चोक काढलेला आहे. कुंकवाचा टिळा, गळ्यात हार, हातात नारळ. आई पोराच्या तोंडात दही-साखर घालते आणि 'दिकरा, संभाळीने जजे' म्हणते. रेल्वेनं दिल्लीला जाणाऱ्यालाही ती हेच म्हणाली असती. तेहरान किंवा बगदादला निघालेल्याला वेगळं काय म्हणायचं असतं?

आता सायकल नीट बघा. विलायतेहून आलेली, कारण हिंदुस्थानात अजून सायकल बनत नाही. पोलादी सांगाडा, चामड्याची सीट, गिअर एकच. समोर कार्बाईडचा दिवा. वरच्या डबीतलं पाणी थेंबथेंब कार्बाईडवर पडतं, वायू तयार होतो आणि तो जळतो. दिवा पेटायच्या आधी लसणासारखा वास येतो. आठवड्याभरात हा वास आणि संध्याकाळ यांची गाठ तुमच्या डोक्यात इतकी पक्की बसेल की नुसत्या वासानं पाय थकतील. पिशवीत पंप, पाना, सोल्युशन, ठिगळं. पासपोर्टही आहे. हे प्रकरण नवं आहे, त्याचा कायदा १९२० चा.

मुंबईच्या हद्दीत लोक टाळ्या वाजवतात. पहिला दिवस नेहमीच असा फुकट मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना तुम्ही दात-ओठ खाता आणि चोरून इतरांकडं बघता, तर सहाही जण तसेच बसताहेत. ऑक्टोबरचं ऊन आहे. डांबर शहरातच राहिलं. इथं खडी आणि मुरूम, त्यावर बैलगाड्यांनी पाडलेली चाकोरी. चाकोरीत शिरलं की बाहेर पडता येत नाही, बाहेर राहिलं की हाडं खिळखिळी होतात. धूळ दातांत कचकचते. मागून कुठलीही गाडी पाणी घेऊन येत नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेकाचा स्वभाव कळायला लागतो. कोण चढावर पुढं निघून जातो आणि वर पोचल्यावर वळून बघतो, कोण बघत नाही. पंक्चर झाल्यावर कोण आपली सायकल आडवी टाकून ट्यूब हातात घेतो आणि कोणाला नेमकं तेव्हाच आडोसा शोधायचा असतो. आजकाल ग्रुप राइडचे नियम आधी मोबाईलवर येतात. इथं ते भांडणातून ठरतात आणि एकदा ठरले की टिकतात. विहिरीवर पाणी मागायला कोणी जायचं, पैसे कोणाकडं, दिवा कोणाचा आधी लावायचा. माझं मत विचाराल तर या सफरीचा सगळ्यात अवघड भाग हाच होता. वाळवंट निदान सगळ्यांना सारखंच भाजतं.

उत्तरेकडं कुठल्या तरी लहानशा स्टेशनाजवळ तुमचा गुडघा बोलायला लागतो. तुम्ही थांबा. खरंच थांबा, आजपर्यंत यावर कोणी तुम्हाला हसलेलं नाही. सायकल ब्रेक व्हॅनमध्ये टाका आणि तिसऱ्या वर्गाचं तिकीट काढा. सहाजण पंजाबातून बलुचिस्तानात आणि तिथून इराणात जातील. त्यांच्यासोबत जायचं ते आता कागदावरूनच.

तेहरानला नरिमन कपाडिया वैयक्तिक कारणासाठी परत फिरतो. राहिले पाच. बगदाद ते अलेप्पो, सुमारे साडेनऊशे किलोमीटरचं वाळवंट ते २३ दिवसांत ओलांडतात. पारा पन्नाशीच्या पुढं, जिभा सुजलेल्या. मग जहाजानं इटली, पुढं आल्प्स, इंग्लंड, अमेरिका. अमेरिकेत हाथीराम कायमचा राहतो. पोचखानवालाही पुढं घरची वाट धरतो. उरलेले तिघे जपान, कोरिया, चीन करत पूर्वेकडून हिंदुस्थानात शिरतात. बेरीज ७१,००० किलोमीटर.

इकडं त्यांच्यामागं रांग लागलेली आहे. जानेवारी १९२४ मध्ये फ्रामरोझ दावर मुंबईहून एकटाच निघाला. व्हिएन्नात त्याला गुस्ताव श्ताव्यानिक हा जोडीदार भेटला आणि दोघं पुढं सहारात गेले. १९३३ साली आणखी तिघे पारशी निघतील. एकाच शहरातल्या एकाच लहानशा जमातीला दहा वर्षांत हे वेड तीनदा लागावं, याचं कारण नुसत्या पैशात सापडत नाही. पैसा असलेले इतरही होतेच की मुंबईत.

तुम्ही पुन्हा सुरतेत आहात. १८ मार्च १९२८, रविवार. हकीम, बापासोला आणि भूमगरा आज मुंबईत पोचताहेत. चार वर्षं आणि पाच महिने झाले. नानपुऱ्यातल्या पारशी घरांत तुम्हाला ही बातमी सांगायची घाई झाली आहे, पण चौकात ज्याला-त्याला भलत्याच प्रश्नानं घेरलं आहे. जवळच्या बारडोलीत महिन्याभरापासून शेतसारा कोणी भरत नाही. सरकारनं सारा २२ टक्क्यांनी वाढवला आणि त्याविरुद्ध वल्लभभाई पटेल गावोगाव फिरताहेत. सायकल तिथंही आहेच, निरोप पोचवायला. फक्त ती पृथ्वीभोवती न फिरता एका तालुक्यात फिरते आहे.

पुढं १९३१ साली त्या तिघांचं इंग्रजी पुस्तक येईल. प्रस्तावना जवाहरलाल नेहरूंची, आणि लेखकांचा हेवा वाटतो असं ते त्यात मोकळेपणानं लिहितील. मुखपृष्ठावर तीन नावं असतील. तुम्ही पुस्तक हातात घेतलंत की आधी कपाडियाचं नाव शोधाल, हे मी पैजेवर सांगतो. तेहरान म्हणजे काही वापी नव्हे. हिंदुस्थानाची हद्द आणि निम्मं इराण सायकलवरून पार करून तो वळला होता. नुसतं तेवढंच करून कोणी आला असता तरी मुंबईत त्याचा सत्कार झाला असता.