वर्गणी भरा, चित्र न्या

१८५०च्या दशकात ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ उघडणाऱ्याला अधूनमधून छापखान्यात काहीतरी घोटाळा झाला असावा असे वाटे. एकच वाक्य, त्याखाली पुन्हा तेच, त्याखाली पुन्हा तेच, असा अख्खा मजकूर. फॅनी फर्न फक्त ‘लेजर’साठी लिहितात, एवढेच त्यात सांगितलेले असे. घोटाळा मुळीच नव्हता. रॉबर्ट बॉनर नावाच्या माणसाने ती जागा रोख पैसे मोजून घेतलेली असे.

बॉनर मूळचा आयर्लंडचा, धंद्याने खिळे जुळवणारा. १८५१ मध्ये त्याने व्यापाऱ्यांसाठी निघणारे एक रडतखडत चाललेले पत्र विकत घेतले आणि त्याचे ‘लेजर’ हे घरोघरी वाचले जाणारे कथा-साप्ताहिक केले. १८५५ मध्ये त्याने फॅनी फर्न या लोकप्रिय लेखिकेला एका रकान्याला १०० डॉलर देऊ केले. तेव्हा हा आकडाच बातमी ठरला, आणि बॉनरला हवी होती तीच बातमी. त्याची दुसरी युक्ती याहून जालीम होती. दुसऱ्यांच्या वर्तमानपत्रांत तो जाहिरात म्हणून एखाद्या कादंबरीचा आरंभच छापून आणी. नायिकेवर संकट येई, वाचक पुढची ओळ शोधी, तर तिथे सूचना असे की पुढला भाग ‘लेजर’मध्ये वाचा. १८६०च्या सुमारास ‘लेजर’चा खप चार लाखांच्या घरात गेला. गंमत अशी की दुसऱ्यांच्या पत्रांत जाहिरातींवर पाण्यासारखा पैसा ओतणारा हा गृहस्थ स्वतःच्या पत्रात मात्र एकही जाहिरात घेत नसे. त्याचा सगळा संसार वाचकाच्या पैशावर चालला होता.

हे बॉनरला साधले. बाकीच्यांचे काय?

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेत पत्र काढणे सोपे होते. वर्गणी वसूल करणे हे खरे काम. उधारीवर अंक जात. दोन-दोन वर्षे थकबाकी राही, आणि खेड्यापाड्यांतले संपादक वर्गणीपोटी जळाऊ लाकूड, मका, डुकराचे मांस, अंडी, जे येईल ते घेत. यात वाचकांचा लबाडपणा होता तसा टपालाचाही हात होता. १७९२च्या कायद्याने वर्तमानपत्राचे टपालहशील शंभर मैलांपर्यंत एक सेंट आणि त्यापुढे दीड सेंट ठेवले होते. प्रजासत्ताक टिकायचे तर बातमी स्वस्तात हिंडली पाहिजे, हा त्यामागचा विचार. खाजगी पत्राला मात्र ही दया नव्हती. १८१६ पासून १८४५ पर्यंत चारशे मैलांपलीकडे जाणाऱ्या एका कागदाच्या पत्राला २५ सेंट पडत, आणि आत दुसरा कागद घातला की दुप्पट. नोट हाही कागदच! म्हणजे ओहायोतल्या शेतकऱ्याने बोस्टनच्या साप्ताहिकाची दोन डॉलरची वर्गणी पाकिटात घालून धाडली, तर वर्गणीच्या चौथ्या हिश्शाइतके हशील. शिवाय नोट कुठल्यातरी स्थानिक बँकेची. बोस्टनमध्ये तिची पूर्ण किंमत येईलच असे नाही.

यातून वाट काढली ती पोस्टमास्तरांनी. गावच्या पोस्टमास्तराला बिनहशिली पत्र पाठवण्याचा हक्क होता. वर्गणीदाराने पैसे त्याच्या हाती द्यायचे, त्याने आपल्या सहीने संपादकाकडे धाडायचे, अशी चाल पडली. म्हणून त्या काळच्या अंकांत ‘पोस्टमास्तरांनी आमचे एजंट व्हावे’ अशी विनंती जागोजाग दिसते. एजंट झाले की त्यांना एखादा अंक फुकट किंवा थोडे कमिशन. सरकारी खात्याच्या जिवावर खाजगी वर्गण्या गोळा करण्याची ही सोय १८४५ मध्ये कायदा बदलल्यावर आटली. त्याच कायद्याने पत्राचे हशीलही उतरले, तीनशे मैलांपर्यंत पाच सेंट आणि पुढे दहा. मनीऑर्डर यायला १८६४ साल उजाडावे लागले.

काही पत्रांना मात्र वर्गणीदार आमिषाने नव्हे, तळमळीने मिळाले. विल्यम लॉइड गॅरिसनने गुलामगिरीविरुद्ध ‘लिबरेटर’ काढायचे ठरवले तेव्हा त्याच्यापाशी भांडवल नव्हते. पहिला अंक १ जानेवारी १८३१ला निघाला. त्याच्या तोंडावर फिलाडेल्फियाहून ५४ डॉलर आले, २७ जणांची वर्गणी, आगाऊ. पाठवणारा जेम्स फोर्टन, जहाजांची शिडे तयार करणारा सधन कृष्णवर्णीय व्यावसायिक. सुरुवातीच्या साडेचारशे वर्गणीदारांपैकी चारशेच्या आसपास कृष्णवर्णीयच होते. चार पैसे गाठीला असलेली गोरी मंडळी नाक मुरडत होती तेव्हा हा अंक त्यांनी जगवला. ‘लिबरेटर’ १८६५च्या डिसेंबरात, गुलामगिरी कायद्याने संपल्यावरच थांबला. आगाऊ वर्गणीचे एवढे फळ क्वचितच कुणाला मिळाले असेल.

सर्वसाधारण मासिकाला मात्र ‘क्लब’ लागे. क्लब म्हणजे शेजारीपाजारी, मैत्रिणी, चर्चमधली मंडळी यांनी मिळून भरलेली वर्गणी. फिलाडेल्फियाच्या लुई गोडीचे ‘गोडीज लेडीज बुक’ हे यातले उस्ताद. एक अंक घ्यायचा तर वर्षाला तीन डॉलर. पण एखादीने पाच जणी जमवल्या तर दहा डॉलरांत पाचही जणींना अंक, आणि जमवणारीला सहावा फुकट. म्हणजे गोडीला पगारी माणूस न ठेवता गावोगाव विक्रेती मिळाली, तीही शिवणकामाच्या बैठकीत बसून विकणारी. मासिकाचे आकर्षण होते हाताने रंगवलेली फॅशनची चित्रे. ती रंगवायला दीडशेच्या आसपास बायका कामाला होत्या. सगळ्यांचा रंग सारखा कसा येणार? एकीच्या अंकातला झगा निळा, तर शेजारणीच्या अंकातला गुलाबी. सारा जोसेफा हेल या संपादिकेने १८३७ पासून चाळीस वर्षे हे मासिक सांभाळले आणि १८६० पर्यंत त्याचा खप दीड लाखावर नेला.

होरेस ग्रीलीच्या साप्ताहिक ‘ट्रिब्यून’ने हीच युक्ती पश्चिमेकडच्या शेतवस्त्यांवर चालवली. एकट्याने घ्यायचे तर वर्षाला दोन डॉलर, वीस जणांनी एकत्र घेतले तर माणशी एकच.

क्लबातल्या अंकांबरोबर फुकटे वाचकही वाढले. एक वर्गणीदार, वाचणारे दहा, ही संपादकांची कायमची रड. मराठी वाचकाला यातल्या एका फुकट्या वाचकाचे आभार मानावे लागतील. कोल्हापुरात पूर्वी मिशनरी असलेल्या रॉयल वाइल्डर यांनी १८७८ पासून प्रिन्स्टनहून ‘मिशनरी रिव्ह्यू’ काढले आणि त्यात गोपाळराव जोशींचा आपल्याशी झालेला पत्रव्यवहार छापला. न्यू जर्सीच्या थिओडोशिया कार्पेंटर दातांच्या डॉक्टरकडे थांबल्या असताना हा अंक त्यांच्या हाती लागला. त्यांनी जोशी दांपत्याला पत्र लिहिले, आणि पुढे डॉक्टरकी शिकायला अमेरिकेत आलेल्या आनंदीबाई जोशी उतरल्या त्या त्यांच्याच घरी.

यादवी युद्ध संपल्यावर चढाओढ वाढली आणि भेटवस्तूंचा सुकाळ झाला. त्याचे बीज आधीच पडलेले होते. १८५४ मध्ये ओहायोतल्या सँडस्की गावी ‘कॉस्मोपॉलिटन आर्ट असोसिएशन’ निघाली. तीन डॉलर भरणाऱ्याला एक मासिक मिळे आणि शिवाय कलावस्तूंच्या सोडतीत नाव घातले जाई. पहिल्याच सोडतीत बक्षीस होते हायरम पॉवर्सचा ‘ग्रीक स्लेव्ह’ हा गाजलेला संगमरवरी पुतळा. कला आणि जुगार एकाच पावतीवर!

१८७०च्या दशकात क्रोमोंची साथ आली. क्रोमो म्हणजे दगडावरून अनेक रंगांत छापलेले चित्र. आपल्याकडे पुढे रविवर्म्याच्या छापखान्यातून देवादिकांची निघाली तशांतले. प्रख्यात धर्मोपदेशक हेन्री वॉर्ड बीचर याच्या ‘ख्रिश्चन युनियन’ने वर्गणीबरोबर अशा चित्रांची जोडी दिली, एकात टक्क जागे मूल आणि दुसऱ्यात गाढ झोपलेले. धार्मिक साप्ताहिकाचा खप सव्वा लाखापुढे गेला. धर्मोपदेश किती जणांनी वाचला हे सांगता येत नाही, पण बाळे भिंतींवर लागली. ‘नेशन’चा संपादक गॉडकिन याला हे असह्य झाले. सप्टेंबर १८७४ मध्ये त्याने ‘क्रोमो संस्कृती’वर कोरडे ओढणारा लेख लिहिला, थोडे वाचून, थोडे ऐकून, एक रंगीत चित्र टांगून स्वतःला सुसंस्कृत समजणाऱ्यांवर त्याचा रोख होता. गॉडकिनचे दुखणे खरे होते, पण त्यात उच्चभ्रूपणाचा दर्पही येतो. शेतकऱ्याच्या घरात आलेले पहिले रंगीत चित्र ही काही संस्कृतीची अधोगती नव्हे.

भेटवस्तूंचा सर्वांत पक्का हिशेब मांडला तो बोस्टनच्या ‘यूथ्स कंपॅनियन’ने. १८२७ साली निघालेले हे मुलांचे साप्ताहिक १८५७ मध्ये डॅनियल शार्प फोर्डकडे आले तेव्हा वर्गणीदार पाच हजारांच्या आतबाहेर होते. शतक संपता संपता ते पाच लाखांच्या आसपास पोचले. फोर्ड इतका संकोची की त्याने कंपनीला स्वतःचे नाव न देता ‘पेरी मेसन’ हे काल्पनिक नाव दिले. (कोर्टातल्या रहस्यकथांमधला पेरी मेसन पुढे याच नावावरून आला.) दर ऑक्टोबरात भेटवस्तूंचा खास अंक निघे. मुले त्याची वाट बघत. त्यात बाहुल्या, जादूचे कंदील, नक्षी कापायच्या करवती, छोटी मुद्रणयंत्रे यांची पानेच्या पाने चित्रे. ग्यानबाची मेख अशी की वस्तू मिळे ती नवा वर्गणीदार आणून देणाऱ्या जुन्या वर्गणीदाराला. पावणेदोन डॉलर घेऊन एक काका पटवला की करवत आपली. मग मुलगा आधी आत्याकडे जाई, मग मास्तरांकडे, मग वाण्याकडे. दहा वर्षांच्या पोराला ‘नाही’ म्हणणे मोठ्यांना जड जाते, हे फोर्डने नेमके हेरले होते.

या भेटवस्तूंचे खाते जेम्स अपहॅमकडे होते. १८८८ पासून त्याने शाळांना झेंडे विकायला सुरुवात केली. साप्ताहिकाकडून शंभर कार्डे मागवायची, मुलांनी ती दहा-दहा सेंटांना विकायची, दहा डॉलर जमले की झेंडा येई. हजारो शाळांवर असे झेंडे लागले. मग झेंडा चढवताना म्हणायला काहीतरी हवे, म्हणून याच खात्यात काम करणाऱ्या फ्रान्सिस बेलामीने एक प्रतिज्ञा लिहिली. ८ सप्टेंबर १८९२च्या अंकात ती छापली गेली. अमेरिकेतली शाळकरी मुले आजही छातीवर हात ठेवून म्हणतात ती ‘प्लेज ऑफ अलीजन्स’ हीच. बेलामीची देशभक्ती खोटी होती असे नाही, पण तिचे मूळ शोधायला वर्गणी वाढवणाऱ्या खात्याच्या टेबलापाशी जावे लागते.

दरम्यान गणितच पालटत होते. १८७४च्या कायद्याने हशील प्रकाशकाने वजनावर आगाऊ भरायचे ठरले. १८७९ मध्ये नियतकालिकांचा स्वतंत्र वर्ग झाला, आणि त्या सवलतीसाठी वर्गणीदारांची खरीखुरी यादी हवी अशी अट आली. १८८५ मध्ये दर पौंडाला एक सेंटवर उतरला. मेन राज्यातल्या ऑगस्टा गावात ई. सी. ॲलनने १८६९ पासूनच पन्नास सेंट वार्षिक वर्गणीची पत्रे लाखांनी छापायला घेतली होती. मजकूर नावापुरता, खरा धंदा टपालाने माल विकण्याचा. असल्या पत्रांना वर्गणी आली काय, न आली काय, नाव-पत्ता मिळाला की पुरे.

फिलाडेल्फियाचा सायरस कर्टिस याहून सभ्य आणि याहून चतुर. आपल्या साप्ताहिकातले बायकांसाठीचे सदर तो इकडूनतिकडून कात्रणे जोडून भरी; पत्नी लुइझा हसली, तर म्हणाला, तूच लिही. तिने लिहिले, आणि १८८३ मध्ये त्या सदराचे ‘लेडीज होम जर्नल’ झाले. पन्नास सेंटांचे मासिक चौघींनी मिळून घेतले तर एका डॉलरात, या सवलतीने सहा महिन्यांत खप दुप्पट झाला. ‘लिटल विमेन’ची लेखिका लुइझा मे अल्कॉट लिहायला राजी नव्हती, तेव्हा तिच्या आवडत्या धर्मादाय संस्थेला १०० डॉलर देऊन कर्टिसने तिला वळवले. १८८९ मध्ये त्याने वर्गणी एकदम दुप्पट केली आणि जाहिरात कंपनीच्या उधारीवर प्रचाराचा धडाका लावला. त्याचा संपादक एडवर्ड बोक याने भेटवस्तूही बदलल्या. वर्गणीदार जमवणाऱ्या मुलींना संगीत विद्यालयांतले शिक्षण फुकट.

ऑक्टोबर १८९३ मध्ये फ्रँक मन्सीने आपल्या मासिकाची किंमत पंचवीस सेंटांवरून दहावर आणली, वर्षाची वर्गणी एक डॉलर. नफा यायचा तो जाहिरातदाराकडून. दीड वर्षात खप पाच लाखांवर गेल्याचे मन्सीने जाहीर केले. बॉनरचा वर्गणीदार हा गिऱ्हाईक होता. मन्सीच्या काळी तो माल झाला, साबणवाल्याला आणि सायकलवाल्याला विकायचा. आणि माल म्हटला की वजनात खोट आली. जॉर्ज रोवेल १८६९ पासून देशभरच्या पत्रांच्या खपाची सूची छापत होता, आणि प्रकाशक त्याला फुगवलेले आकडे कळवत होते. खपाचे आकडे तटस्थपणे तपासणारी ‘ऑडिट ब्यूरो ऑफ सर्क्युलेशन्स’ अमेरिकेत १९१४ मध्ये स्थापन झाली. त्याच नावाची भारतीय संस्था १९४८ मध्ये निघाली. तिची कचेरी मुंबईत आहे.