नालंदेची पंचविद्या आणि दीक्षाभूमीचे महाविद्यालय

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या ज्या भूमीवर लाखो बांधवांनी धम्मदीक्षा घेतली, त्या भूमीवर १९६४ साली डॉ. आंबेडकर महाविद्यालय सुरू झाले. दीक्षेनंतर अवघ्या आठ वर्षांत तेथे वर्ग भरू लागले, या घटनेचे मोल आमच्या इतिहासलेखनात पुरेसे झालेले नाही, असे आम्हांस वाटते. आज तेथे कला, वाणिज्य व विज्ञान अशा तिन्ही शाखांचे अध्यापन होते. धम्माच्या भूमीवर रसायनशास्त्र कशासाठी, असा प्रश्न कोणी विचारला, तर त्याचे उत्तर बौद्ध महाविहारांच्या इतिहासातच सापडते.

इ. स. च्या सातव्या शतकात नालंदेत राहिलेल्या ह्यूएनत्संगाच्या वृत्तांतात पाच विद्यांचा उल्लेख आहे : शब्दविद्या, शिल्पस्थानविद्या, चिकित्साविद्या, हेतुविद्या व अध्यात्मविद्या. म्हणजे व्याकरण, कलाकौशल्य, वैद्यक, तर्क आणि त्यानंतर धर्मतत्त्व. त्याच्या चरित्रावरून असेही दिसते की, महायान व अठरा निकायांच्या ग्रंथांबरोबर तेथे वेद आणि सांख्य यांचेही अध्ययन होत असे. यात उदारतेचा देखावा नव्हता. प्रतिपक्षाचे ग्रंथ न वाचता वादसभेत उभा राहणारा भिक्खू तेथे टिकलाच नसता. द्वारपंडितांच्या प्रश्नांना उत्तरे देता न आल्याने प्रवेशेच्छूंपैकी दहांतील सात-आठ जण परत जात, ही नोंदही बोलकी आहे.

पाली वाङ्मयात याहून जुना दाखला ‘मिलिंदपञ्ह’ या ग्रंथाचा. नागसेनाला प्रश्न विचारणाऱ्या मिलिंद राजाला अवगत असलेल्या एकोणीस विद्या तेथे मोजून सांगितल्या आहेत. त्यांत गणित, संगीत, वैद्यक, इतिहास, ज्योतिष, हेतुविद्या, इतकेच काय, युद्धशास्त्रही आहे. बाबासाहेबांनी औरंगाबादला १९५० साली काढलेल्या महाविद्यालयाला पुढे या प्रश्नकर्त्या राजाचेच नाव मिळाले.

विषय निवडण्याचा हक्क म्हणजे काय, हे बाबासाहेबांनी विद्यार्थिदशेतच अनुभवले होते. शाळेत त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि फारशी घ्यावी लागली. पुढे सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली ते कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा अडवणारे कोणी नव्हते. त्यांनी तेथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची संख्या सांगितली जाते ती अशी : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, राज्यशास्त्राचे ३ आणि फ्रेंच व जर्मन यांचा प्रत्येकी एक. एकूण साठ! पदवीपुरते पाहणाऱ्याने मानववंशशास्त्राकडे ढुंकूनही पाहिले नसते. परंतु ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातिसंस्थेवर जो निबंध वाचला, तो याच विषयातला होता. जातीच्या उत्पत्तीविषयीची त्यांची पुढील सारी मांडणी तेथून सुरू होते.

आज नागपुरात पाली व बौद्ध अध्ययनाची सोय विद्यापीठापर्यंत झालेली आहे. तथापि आमचे अनेक विद्यार्थी पाली हा विषय केवळ गुणांसाठी घेतात, आणि उरलेले विषय नोकरीच्या हिशेबाने ठरतात. पोटाचा प्रश्न खरा आहे. त्याबद्दल त्यांना दोष देता येत नाही. मात्र राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० अन्वये मुख्य विषयाच्या जोडीला दुसऱ्या शाखेचा विषय घेण्याची वाट खुली झाली असताना, पालीच्या विद्यार्थ्याने संस्कृतकडे पाठ फिरवावी, हे आम्हांस पटत नाही. धर्मकीर्तीचे ‘प्रमाणवार्तिक’ संस्कृतात आहे. त्याची हस्तलिखिते राहुल सांकृत्यायनांनी तिबेटच्या विहारांतून शोधून आणली. त्यांचे सहकारी भदन्त आनंद कौसल्यायन यांचे अखेरचे वास्तव्य नागपुरातच होते; १९८८ साली त्यांचे येथेच निधन झाले.