निवृत्तीनंतरचा युरोप: कर्व्यांचे तेरा महिने आणि आपले नव्वद दिवस

मागच्या दिवाळीत दुधनीला घरी गेलो होतो. अप्पा झेडपीच्या शाळेत मास्तर आहेत, येत्या मेमध्ये रिटायर होतायत. फराळ चालू असताना एकदम म्हणाले, "मला चार महिने युरोप बघायचाय. बसमधून धावत धावत नाही, नीट राहून." आई लगेच म्हणाली, "अहो, आधी गाणगापूरला तरी चला. दोन स्टेशनं पलीकडं आहे, पाच वर्षं झाली जाऊन."

आईचं अगदीच चूक नव्हतं. मुंबईहून मद्रासला जाणारी रेल्वे १८७१ मध्ये आमच्या भागातून रायचूरपर्यंत गेली. पण आमच्याकडे म्हाताऱ्या माणसानं लांबचा प्रवास करायचा म्हणजे गाणगापूर, श्रीशैलम, नाहीतर काशी. चार महिने युरोप हे कुणाच्या डोक्यातच नव्हतं.

मी एक्सेल शीट उघडली. तिकीट, राहणं, खाणं. आणि मग शोधायला लागलो, की आपल्याकडे निवृत्त झाल्यावर असं कुणी आधी केलंय का? उत्तर मिळालं आणि मी शीट बंद केली. महर्षी धोंडो केशव कर्वे.

जन्म १८ एप्रिल १८५८. फर्ग्युसन कॉलेजात १८९१ पासून गणित शिकवलं आणि १९१४ ला निवृत्त झाले. दोन वर्षांनी, म्हणजे १९१६ मध्ये, महिला विद्यापीठ काढलं. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी त्याला १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचं नाव मिळालं. तेच आजचं एसएनडीटी. हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं. पुढचं मात्र पुस्तकात एका ओळीत संपतं.

मार्च १९२९. कर्वे सत्तर पूर्ण करून एकाहत्तरीत पाय ठेवणार होते, आणि ते इंग्लंडला निघाले. माल्व्हर्नला प्राथमिक शिक्षकांची परिषद, लंडनला कॅक्स्टन हॉलमध्ये व्याख्यान. २५ जुलै ते ४ ऑगस्ट जिनिव्हा. ८ ते २१ ऑगस्ट डेन्मार्कमधलं एल्सिनोर, हॅम्लेटचा किल्ला आहे तेच गाव. तिथं जगभरातल्या शिक्षकांची परिषद होती. मग अमेरिका, मग जपान, तिथं टोकियोचं महिला विद्यापीठ पाहिलं आणि एप्रिल १९३० मध्ये घरी. तेरा महिने! पृथ्वीला पूर्ण फेरी, तीही बोटीनं. त्याच काळात त्यांच्या सूनबाई इरावती कर्वे बर्लिनमध्ये डॉक्टरेट करत होत्या. म्हणजे सून शिकायला युरोपात आणि सासरे शिकवायला.

कर्वे मजा करायला गेले नव्हते, हे मला अप्पांनाही सांगावं लागलं. विद्यापीठाची माहिती जगाला द्यायची, त्यासाठी मदत मिळवायची, म्हणून व्याख्यानं देत फिरत होते. पण प्रवासाची आखणी बघा. एका देशात बरेच दिवस, मग पुढचा देश, आणि प्रत्येक मुक्कामाला काहीतरी काम. हॉटेलच्या पाट्या बदलत पळणारा प्रवास नाही तो.

पैशाची एक सोय तेव्हा होती, जी आज नाही. १९२७ पासून रुपयाचा भाव कायद्यानं ठरलेला होता, एक शिलिंग सहा पेन्स. म्हणजे एक पौंड साधारण १३ रुपये ३३ पैसे (तेव्हाचे आणे-पै आपण सोडून देऊ). मुंबईत बसून पुढच्या वर्षीचा लंडनचा खर्च रुपयांत मांडला, तर आकडा चुकायची भीती कमी. कुणी तुम्हाला विचारत नव्हतं की किती पौंड नेताय.

स्वातंत्र्यानंतर हे उलटं झालं. देशाकडे परकीय चलन तुटपुंजं, म्हणून ते रेशनसारखं मिळायचं. साठ-सत्तरच्या दशकात परदेशी गेलेल्या कुणालाही विचारा, खिशातल्या आठ डॉलरची गोष्ट ऐकायला मिळेलच. घरी रुपये असले तरी उपयोग नाही. मग तिकडे मुलगा किंवा भाऊ असेल तरच राहता यायचं. त्यात ६ जून १९६६ ला रुपयाचं अवमूल्यन झालं. डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला, पौंड २१ रुपयांवर. ज्यानं आयुष्यभर रुपयांत साठवलं, त्याचा युरोप एका रात्रीत दीडपटीहून महाग झाला.

हे कुलूप खऱ्या अर्थानं उघडलं फेब्रुवारी २००४ मध्ये. रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर न्यायची मुभा दिली. आज ती मर्यादा अडीच लाख डॉलर आहे. मास्तरांच्या पेन्शनला ती कधीच आडवी येणार नाही.

मग आता अडतं कुठं? अप्पांना वाटत होतं पैशावर. अडतं दिवसांवर.

शेंगेन करार झाला १९८५ ला, लागू झाला १९९५ ला. आज त्यात २९ देश आहेत. एका व्हिसावर सगळीकडे फिरता येतं, पण कुठल्याही १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. हा नियम समजायला मला, रोज कोड लिहिणाऱ्याला, दोनदा वाचावा लागला. मोजणी १ जानेवारीपासून नाही. तिथल्या प्रत्येक दिवशी मागचे १८० दिवस बघायचे आणि त्यातले शेंगेनमध्ये घालवलेले मोजायचे. पोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस धरतात. ऑक्टोबर २०२५ पासून ही नोंद शिक्क्याऐवजी संगणकात जायला लागली आहे, त्यामुळे "कळणार नाही" हा हिशेब सोडा. आणि ९० ही कमाल मर्यादा आहे, हक्क नाही. वकिलात कमी दिवसांचाही व्हिसा देते.

म्हणजे अप्पांचे सलग चार महिने सरळ बसत नाहीत. पण कर्व्यांचा क्रम घेतला तर बसतात! ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, त्याचा पर्यटक व्हिसा वेगळा आणि सहा महिन्यांपर्यंतचा. आधी दोन महिने इंग्लंड-स्कॉटलंड, मग दोन महिने खंडावर. दोन अर्ज, दोन फिया (शेंगेनची माणशी ९० युरो) आणि निदान ३० हजार युरोचा वैद्यकीय विमा. साठीच्या आसपास या विम्याचा हप्ता चांगलाच वाढतो, आणि जुनी दुखणी लपवून विमा घेणं म्हणजे तो न घेण्यासारखंच. आईला शुगर आहे, म्हणून शीटमधली ही ओळ मी सगळ्यात आधी भरली.

दुसरी ओळ रुपयाची. जानेवारी २००२ मध्ये युरोच्या नोटा आल्या तेव्हा एक युरो साधारण ४३ रुपयांना होता. आता शंभरच्या आसपास आहे. म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन टक्के, तेही तिकडची महागाई सोडून. "दहा वर्षांनी जाऊ, तोवर एफडीत ठेवू" म्हणणाऱ्यांनी एफडीच्या व्याजातून हे आधी वजा करावं.

आणि तिसरी ओळ, जिच्यामुळे मी खरंच अडलो. ग्रॅच्युइटीतले किती खर्चायचे? अप्पा म्हणाले, "अजून पंधरा-वीस वर्षं, तेवढं पुरतं." मी कर्व्यांच्या तारखा दाखवल्या. १९१४ ला निवृत्ती, १९५८ ला भारतरत्न, ९ नोव्हेंबर १९६२ ला निधन, वय १०४. निवृत्तीनंतर ४८ वर्षं! सगळे एवढे जगत नाहीत, हे मलाही कळतं. पण अप्पांची आजी पंच्याण्णव वर्षांची होऊन गेली.

शेवटी असं ठरलं, की पेन्शनला हात लावायचा नाही आणि ग्रॅच्युइटीतला एक ठरलेला हिस्साच वापरायचा. परत यायचं ऑक्टोबरअखेर, कारण नोव्हेंबरात हयातीचा दाखला, मग तुरीची काढणी. बोटांच्या ठशांसाठी पुण्याला जायचंय, तेव्हा आई पण येते म्हणाली. गाणगापूर त्याआधीच्या गुरुवारी.

जाता जाता एक. कर्वे एप्रिल १९३० मध्ये परत आले आणि त्याच डिसेंबरात पुन्हा निघाले, आफ्रिकेला, पंधरा महिन्यांसाठी. मोम्बासाला त्यांचे चिरंजीव डॉक्टर होते. ती गोष्ट पुढच्या भागात.