परदेशी कैदी आणि उपचाराचा हक्क

मार्च 2024 मध्ये डहाणू तालुक्यातील एक आदिवासी खलाशी कराचीच्या तुरुंगात आजारी पडून मरण पावला. गुजरातच्या बोटीवर कामाला गेलेला हा माणूस पाकिस्तानने समुद्रात पकडला होता. मृतदेह गावी पोहोचायला महिन्याहून अधिक काळ गेला. अशा कैद्याला परक्या देशात उपचाराचा हक्क असतो का? असतो, आणि तो त्या देशाची मेहेरबानी नसतो.

आंतरराष्ट्रीय नागरी व राजकीय हक्क कराराचे कलम 10 सांगते की, कोठडीतील प्रत्येक माणसाला माणुसकीने वागवले पाहिजे. भारत 1979 मध्ये या करारात सामील झाला, पाकिस्तान 2010 मध्ये. उपचाराचा तपशील मात्र संयुक्त राष्ट्रांच्या 'नेल्सन मंडेला नियमां'त (2015) मिळतो. ते करारासारखे बंधनकारक नाहीत, तरी न्यायालये व आयोग त्यांचा आधार घेतात. नियम 24 नुसार कैद्याच्या आरोग्याची जबाबदारी सरकारची आहे. बाहेरच्या समाजाला मिळतात त्याच दर्जाचे उपचार त्याला मोफत आणि कायदेशीर स्थितीवरून भेदभाव न करता मिळाले पाहिजेत. नियम 27 नुसार वैद्यकीय निर्णय डॉक्टरांचाच. तो जेलरला फिरवता येत नाही.

कागदावर हे ठीक आहे. परदेशी कैद्याची खरी अडचण भाषेची असते. पोटात दुखते हे हाताने दाखवता येते. पण फिट येतात, झोप लागत नाही, मरावेसे वाटते, अमुक गोळी तीन आठवड्यांपासून बंद आहे, हे कसे दाखवणार? मग दुभाष्या म्हणून शेजारच्या बराकीतला कैदी उभा केला जातो. एचआयव्ही किंवा टीबीची गोष्ट त्याच्यासमोर कोण बोलेल? तपासणी गोपनीय हवी, असे नियम 31 म्हणतो. तुरुंगाची माहिती कैद्याला समजेल अशा भाषेत द्यावी, गरज पडल्यास दुभाषी द्यावा, हे नियम 55 मध्ये आहे.

दुसरी गोष्ट वकिलातीची. 1963 च्या व्हिएन्ना कराराच्या कलम 36 नुसार, आपल्या वकिलातीशी संपर्क साधण्याचा हक्क आहे हे अटक झालेल्या परदेशी माणसाला विनाविलंब सांगावे लागते. कुलभूषण जाधव प्रकरणात 2019 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानने याच कलमाचा भंग केल्याचा निकाल दिला. वकिलात उपचार करत नाही, पण घरच्यांकडून जुनी चिठ्ठी मागवू शकते, तुरुंगाला जाब विचारू शकते. भारत-पाकिस्तानच्या 2008 च्या समझोत्यात यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे. इन्सुलिनवर जगणाऱ्या माणसाला तीन महिने म्हणजे फार झाले. निर्वासिताला तर स्वतःच्या देशाच्या वकिलातीचीच भीती असते. त्याला संरक्षण देणाऱ्या राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय यंत्रणेशी संपर्काची सोय नियम 62 मध्ये आहे.

डहाणूच्या खलाशासाठी आपण जे मागतो, तेच आर्थर रोड, तळोजा किंवा गोव्याच्या कोलवाळ तुरुंगातील नायजेरियन वा बांगलादेशी कैद्यासाठी मागायला आपल्यातलेही काही जण कचरतात. संविधानात मात्र संदिग्धता नाही. कलम 15, 16 आणि 19 मध्ये शब्द आहे 'नागरिक'. 14 आणि 21 मध्ये 'व्यक्ती'. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील मसुदा समितीने सोपवलेल्या संविधानातला हा फरक आहे. कलम 21 चे संरक्षण परदेशी माणसालाही आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2000 मध्ये चंद्रिमा दास खटल्यात एका बांगलादेशी महिलेच्या बाबतीत स्पष्ट केले. त्याआधी 1989 मध्ये परमानंद कटारा खटल्यात, जखमी माणूस निर्दोष असो वा गुन्हेगार, त्याचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे कर्तव्य ठरवले.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 च्या कलम 12 नुसार कोठडीतील कोणत्याही व्यक्तीला मोफत वकील मिळतो. नागरिकत्वाची अट नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाकडे पीडिताच्या वतीने कोणीही तक्रार करू शकते. आपला माणूस परदेशी तुरुंगात असेल, तर नातेवाइकांनी परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर नोंद करावी. अर्जात नुसते 'प्रकृती गंभीर आहे' लिहू नये. आजाराचे नाव, शेवटची चिठ्ठी, कोणते औषध कोणत्या तारखेपासून बंद आहे आणि कैद्याला कोणती भाषा समजते, एवढे लिहावेच.